राजीखुशीच्या सह्या

हक्कसोडपत्राचा मसुदा आमच्या भागात तयारच असतो. गट नंबर, बहिणीचं नाव, तिच्या सासरचं गाव आणि आधार क्रमांक एवढंच बदलायचं. बाकीची वाक्यं जशीच्या तशी: मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, वरील मिळकतीतील माझा हक्क, हिस्सा व अधिकार विनामोबदला कायमचा सोडून देत आहे, यापुढे माझा अगर माझ्या वारसांचा सदर मिळकतीशी कसलाही संबंध राहणार नाही. खाली सही नाहीतर अंगठा, बाजूला फोटो, दोन साक्षीदार. ते साक्षीदार बहुतेक वेळा भावाच्याच उठण्याबसण्यातले.

मी कुंभार पिंपळगावची. वकिली करते. घनसावंगी, अंबड, परतूर, सगळीकडचे असे कागद माझ्या टेबलावर येतात, आणि येतात तेव्हा सही होऊन गेलेली असते. त्यातलं राजीखुशीचं वाक्य खोटं आहे हे लिहिणाऱ्याला माहीत असतं, वाचून दाखवणाऱ्याला माहीत असतं, नोंदवून घेणाऱ्यालाही माहीत असतं. एवढ्या माणसांच्या डोळ्यांदेखत सरकारी शिक्क्यानिशी खोटं नोंदवलं जातं आणि त्याला आम्ही घरातला समजूतदारपणा म्हणतो. मला हे आता गप्प बसून बघवत नाही.

सही कशी होते ते सांगते. वडिलांचं वर्षश्राद्ध उरकलेलं असतं. सोसायटीचं पीककर्ज नवं-जुनं करायचं असतं आणि सातबाऱ्यावर अजून वडिलांचंच नाव असतं. भावाचा फोन येतो: ताई, उद्या येऊन जा, दोन मिनिटांचं काम आहे, तुझ्या सहीपायी कर्ज अडकलंय. ती पोराला शाळेत सोडून एसटीने येते. नोंदणी कार्यालयाच्या दारात गाडी उभी असते, मागच्या सीटवर साडीचोळीची पिशवी. आत संगणकासमोर बसवून बोट टेकवायला सांगतात, कॅमेऱ्याकडे बघायला सांगतात आणि विचारतात, मान्य आहे ना? ती भावाकडे बघते. भाऊ मोबाईलमध्ये बघत असतो. ती मान हलवते. अशीच मान हलवून बाहेर आलेल्या एका बाईने मला विचारलं, "वकीलबाई, हे कर्जाचंच होतं ना?" जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालची, ऊस उभा असलेली जमीन होती ती. तिचा हिस्सा तेवढ्या वेळात गेला होता. तिला मिळालेली साडी नायलॉनची होती.

याच्या समर्थनाला पहिलं वाक्य ठरलेलं असतं: आपल्याकडं बहिणी घेत नसतात, पूर्वीपासून असंच चालत आलंय. कधीपासून? कुणी ठरवलं? या "पूर्वीपासून"ची एकदा नीट झडती घ्यायलाच हवी, कारण आमच्या मराठवाड्याइतका या देशाच्या दिवाणी कायद्याशी जुना संबंध फार थोड्या मुलखांचा असेल. ज्या ग्रंथावर हिंदूंचा वारसाहक्क शेकडो वर्षं चालला, तो मिताक्षरा, विज्ञानेश्वराने कल्याणीला बसून लिहिला. चालुक्य विक्रमादित्य सहावा तेव्हा गादीवर होता, म्हणजे १०७६ ते ११२६ चा काळ. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातलं. १९५६ पर्यंत ते आणि आम्ही एकाच हैदराबाद राज्यात होतो. दुसरा मोठा ग्रंथ व्यवहारमयूख. तो नीलकंठ भट्टाने सतराव्या शतकात लिहिला. हे घराणं मूळचं पैठणचं, पुढे काशीला गेलेलं. आमच्या तालुक्याच्या दक्षिण अंगाने जी गोदावरी वाहते ती पैठणवरूनच येते.

आता हे दोघे बहिणीबद्दल काय म्हणतात ते ऐका. मिताक्षरा ज्या याज्ञवल्क्य स्मृतीवरची टीका आहे तिच्यात म्हटलं आहे की वाटणीच्या वेळी अविवाहित बहिणीला चौथा हिस्सा द्यावा. काही जुन्या टीकाकारांनी त्याचा अर्थ लावला की हिस्सा वगैरे काही नाही, लग्नापुरता खर्च दिला की झालं. विज्ञानेश्वराने हा अर्थ खोडून काढला. हा खराखुरा हिस्सा आहे, लग्नखर्चाने तो फिटत नाही, असं तो बजावतो. "लग्नात एवढा खर्च केला, आता कसला हिस्सा?" हा युक्तिवाद आज पिंपळगावच्या पारावर छाती काढून केला जातो, त्याला कल्याणीच्या एका पंडिताने नऊशे वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवलं आहे. स्त्रीधनाच्या बाबतीतही तो असाच मोकळा. वारशाने, खरेदीने, वाटणीने, कोणत्याही मार्गाने बाईकडे आलेली मालमत्ता त्याने स्त्रीधनात धरली. आणि नीलकंठाने बहिणीला वारसांच्या रांगेत आजीच्या लगेच मागे उभं केलं. कारण साधं दिलं: ती त्याच गोत्रात जन्मली आहे. लग्न झालं म्हणून जन्म पुसला जात नाही.

हे ग्रंथ स्त्रियांचे कैवारी होते असं मी मुळीच म्हणत नाही. मुलाला जन्मतःच वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क आणि मुलीला नाही, ही गाठ मिताक्षरेनेच घट्ट मारली, आणि ती सोडवायला आम्हाला २००५ साल उजाडावं लागलं. शूद्र आणि स्त्री यांच्याबद्दल स्मृतींमध्ये जे जे लिहिलं आहे त्याचं मी एक अक्षरही झाकणार नाही. मला राग आहे तो निवडीचा. त्याच ग्रंथातला मुलाचा जन्मसिद्ध हक्क तेवढा नऊशे वर्षं टिकवला आणि बहिणीचा चौथा हिस्सा कालबाह्य म्हणून टाकून दिला. हे आपोआप झालेलं नाही. माणसांनी केलं, आणि ज्यांना त्यातून जमीन मिळाली त्यांनीच केलं.

ग्रंथ बाजूला ठेवू. आमच्या कुणब्या-माळ्यांच्या, कुंभारा-धनगरांच्या घरांत संस्कृत ग्रंथ कुणी वाचत नव्हतं, तिथं वहिवाट चाले. आणि त्या वहिवाटीत बाईला ब्राह्मणी शास्त्रापेक्षा जास्त मोकळीक होती. विधवेचा पाट लागे, मोहतूर लागे, म्हणजे तिचं दुसरं लग्न होई. नवरा नांदवत नसेल तर काडीमोड घेता येई, सोडचिठ्ठी होई. पेशवाईत अशा लग्नांवर पाटदाम नावाचा कर बसे; कर बसवण्याइतकी ती रीत सर्रास होती. मग इंग्रज आले. १८२७ मध्ये एल्फिन्स्टनच्या सरकारने केलेल्या चौथ्या रेग्युलेशनने मुंबई इलाख्यात दिवाणी दाव्यांसाठी क्रम लावून दिला: आधी सरकारी कायदा, तो नसेल तर मुलखाची वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा, आणि काहीच नसेल तर न्यायबुद्धी. वहिवाटीला शास्त्राच्या वर बसवलं ही मोठी गोष्ट होती. आर्थर स्टीलने त्याच साली दख्खनच्या जातींचे रिवाज एका ग्रंथात गोळा केले. पण रिवाज विचारले कुणाला? शास्त्र्यांना आणि जातींच्या पुढाऱ्यांना. पाट लावलेल्या एखाद्या बाईला विचारलं असतं तर त्या ग्रंथाची पानं वेगळी झाली असती.

पुढे कोर्टांनी चाळण लावली. नवऱ्याच्या संमतीशिवाय त्याला सोडून बाईला दुसरं लग्न करू देणारी जातीची रीत १८६४ मध्ये मुंबई हायकोर्टाने अनैतिक म्हणून रद्द ठरवली. पुरुषाच्या दुसऱ्या, तिसऱ्या लग्नाची रीत मात्र १९४६ पर्यंत कायदेशीरच राहिली. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा तर आपण शाळेत सुधारणा म्हणून शिकलो. त्याचं दुसरं कलम कुणी शिकवत नाही: विधवेने पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपला. ज्या जातींत पाट आधीपासूनच लागत होता, ज्यांना या कायद्याची गरजच नव्हती, त्यांनाही हे कलम लागू आहे असं मुंबई हायकोर्टाच्या पूर्ण पीठाने १८९६ मध्ये विठू विरुद्ध गोविंदा या खटल्यात ठरवलं. अलाहाबादच्या हायकोर्टाने बरोबर उलट म्हटलं होतं. म्हणजे शेतकरी-कारागीर जातींच्या विधवांना या सुधारणेने काही दिलं नाही आणि जमीन मात्र काढून घेतली. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही विज्ञानेश्वराची स्त्रीधनाची व्याख्या मानली नाही. १८६७ मध्ये त्यांनी सांगितलं की नवऱ्याकडून वारशाने आलेली मालमत्ता विधवेचं स्त्रीधन होत नाही. ती मेल्यावर नवऱ्याच्या वारसांकडे जाईल. तिने आयुष्यभर सांभाळायची आणि मेल्यावर दिरा-पुतण्यांनी घ्यायची.

जालना तेव्हा निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होता. मुंबईच्या हायकोर्टाचा हुकूम इथं चालत नव्हता, पण त्याने आमच्या आज्या-पणज्यांचं काही भलं झालं नाही. निजामाच्या अदालतीत कामकाज उर्दूत, कायदा हिंदूंना हिंदूंचा. मराठी बोलणारी विधवा तिथं जाऊन काय सांगणार होती? १९३७ मध्ये डॉ. गोपाळराव देशमुखांच्या प्रयत्नाने विधवेला मुलाइतका, निदान हयातीपुरता हिस्सा देणारा कायदा झाला, तो ब्रिटिश हिंदुस्थानासाठी. आम्ही निजामाची प्रजा, तो तेव्हा आमच्या गावकुसापर्यंत आला नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. हा दिवस आम्ही झेंडावंदनाने साजरा करतो. त्या दिवशी सातबाऱ्यावर मुलीचं नाव लागलं नाही, हे भाषणात कुणी म्हणत नाही.

मग बाबासाहेब आले. हिंदू कोड बिलाचा राव समितीने केलेला मसुदा त्यांनी हाती घेतला आणि त्यात मुलीचा अर्धा असलेला हिस्सा मुलाइतका केला. जन्माने मुलालाच हक्क देणारी मिताक्षरेची एकत्र कुटुंबाची पद्धत मोडून काढायची, हा त्यांच्या विधेयकाचा कणा होता. लोकसभेच्या आधीच्या त्या सभागृहात बिल अडवलं, रखडवलं, चिरडलं. २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. देशाच्या कायदामंत्र्याने बायकांच्या हक्कासाठी खुर्ची सोडली, ही गोष्ट आमच्या गावात जयंतीच्या मिरवणुकीत तरी कितीदा सांगितली जाते? आणि ज्यांच्या मुलींसाठी ती सोडली त्या सवर्ण घरांत तर त्यांचं नावही काढत नाहीत. घटना दलितांसाठी लिहिली आणि बिल बायकांसाठी आणलं, अशी वाटणी करून दोन्हीकडच्या पुरुषांनी ते बिल विसरून टाकलं.

१९५५-५६ मध्ये ते बिल तुकड्यातुकड्यांनी चार कायद्यांत पास झालं, पण कणा काढून. हिंदू वारसा कायदा १९५६ च्या सहाव्या कलमाने एकत्र कुटुंबाची जुनी पद्धत तशीच ठेवली. त्याचा हिशेब करून दाखवते, कारण हिशेब दाखवल्याशिवाय हे डोक्यात शिरत नाही. नऊ एकर वडिलोपार्जित जमीन, बाप, दोन मुलगे, एक मुलगी. आई आधीच वारलेली धरा. बाप मेला की आधी कागदावर वाटणी धरायची: बाप तीन, मुलगे तीन-तीन. मग बापाच्या तीन एकरांचे तीन वाटे: प्रत्येकी एक. मुलग्यांना चार-चार एकर, मुलीला एक. आणि या एकालाच "कायद्याने मुलीला हिस्सा दिला" म्हणायचं. राहत्या घरात तर भाऊ वाटणी मागेपर्यंत तिला वाटणी मागायचाही हक्क नव्हता.

आंध्रने १९८६ च्या कायद्याने मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क दिला. तेलंगणातल्या मुली, म्हणजे कालपर्यंत निजामाच्याच राज्यात आमच्या शेजारी असलेल्या, आमच्या आधी हक्कदार झाल्या. महाराष्ट्राला फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव तोंडात असूनही १९९४ पर्यंत थांबावं लागलं. २२ जून १९९४ ला आलेल्या त्या दुरुस्तीतही मेख होती: त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. माझ्या आईच्या पिढीतल्या सगळ्या बायका एका तारखेने बाद झाल्या. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ ला ती अट काढली, राहत्या घराचं कलमही काढलं. तरी बाप त्या दिवशी जिवंत होता की नव्हता यावर पंधरा वर्षं कोर्टांत चिरफाड चालली. शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क जन्माचा आहे, बाप कधी मेला याला महत्त्व नाही. बाबासाहेबांच्या राजीनाम्यापासून या निकालापर्यंत एकोणसत्तर वर्षं गेली.

लग्नाच्या कायद्याचंही तेच. १९५५ चा कायदा रूढीला मान देतो, रूढीप्रमाणे झालेलं लग्न आणि रूढीप्रमाणे झालेला काडीमोड दोन्ही मानतो. पण पहिल्या बायकोच्या फिर्यादीवरून भाऊराव लोखंडे यांचा खटला १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा दुसरं लग्न गांधर्व पद्धतीने, होम-सप्तपदीविना लागलं होतं, आणि ते विधी टाळता येतात अशी रूढी सिद्ध झाली नाही, म्हणून ते लग्नच नाही, म्हणून द्विभार्येचा गुन्हाच नाही, असं ठरलं. नवरा सुटला. पुढे १९८८ मध्ये यमुनाबाई आढाव यांना सांगण्यात आलं की पहिलं लग्न हयात असताना केलेली दुसरी बायको ही पोटगीपुरतीही बायको नाही. पहिली हरली, दुसरीही हरली. २०१३ मध्ये बादशहा गोडसे यांच्या खटल्यात न्यायालयाने निदान एवढं म्हटलं की पहिलं लग्न लपवून फसवणाऱ्या नवऱ्याला स्वतःच्याच फसवणुकीचा फायदा घेता येणार नाही. पंचवीस वर्षं लागली हे एक वाक्य उच्चारायला.

एवढं सगळं झाल्यावर आज कागदावर कायदा पूर्ण बरोबरीचा आहे. आणि म्हणूनच हक्कसोडपत्रांना ऊत आला आहे. जोपर्यंत मुलीला हक्कच नव्हता तोपर्यंत तिच्याकडून सोडवून घ्यायचीही गरज नव्हती.

हक्कसोड हा एक मार्ग झाला. दुसरा, वाटणी जुनीच दाखवायची. २० डिसेंबर २००४ च्या आधीच्या वाटण्यांना नवी दुरुस्ती हात लावत नाही, तर मग आमच्या घरची वाटणी तोंडी २००३ मध्येच झाली होती असं शपथेवर सांगायचं. सर्वोच्च न्यायालयाने तोंडी वाटणीला सरकारी कागदाचा भक्कम आधार मागितला आहे, पण तालुक्यात तो निकाल किती जणांनी वाचला आहे? तिसरा मार्ग मृत्युपत्राचा. चौथा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत नीच, तो सातबाऱ्यावरच बघायला मिळतो. वडील गेले, वारस नोंद झाली, सहा-क च्या नोंदवहीत सगळी नावं आली. पण सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून फक्त भाऊ, आणि बहिणी "इतर अधिकार" या रकान्यात. त्याच रकान्यात सोसायटीचा बोजा असतो, बँकेचा बोजा असतो. बोजा फेडला की कमी होतो, तसं बहिणीचं नावही एखाद्या फेरफाराने कमी होतं. मालक असलेल्या बाईला मालकाच्या रकान्यातून उचलून कर्जाशेजारी बसवायचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला? कोणत्याच नाही. विचारलं की एका कार्यालयात मला उत्तर मिळालं, "मॅडम, इकडं अशीच पद्धत आहे." सरकारी खुर्चीवर बसून, सरकारी पगार घेऊन, संसदेच्या कायद्यापुढे "पद्धत" ठेवायची, हा उर्मटपणा आहे आणि बेकायदेशीरही आहे.

भावांच्या बाजूचे युक्तिवाद मला तोंडपाठ आहेत. लग्नात खर्च केला, हुंडा दिला. हुंडा दिला असेल तर १९६१ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. आणि दिलेला हुंडा त्या मुलीच्याच मालकीचा, तो तिला परत द्यावा लागतो, असं त्याच कायद्याचं सहावं कलम सांगतं. तुमचा हुंडा तिच्या सासऱ्याने मोटारसायकलीला आणि मांडवाला उडवला, तो तिचा हिस्सा कसा झाला? जमिनीचे तुकडे होतील. तीन भावांत तुकडे होतात तेव्हा कुणाला आठवत नाहीत, बांध कोरताना तर मुळीच नाही. बहीण आली की मात्र एकदम शेतीचं अर्थशास्त्र सुचतं. बहीण सासरी, जमीन कोण कसणार? पुण्याला कंपनीत असलेला भाऊ कसतो का? तो बटईने देतोच की. तिनेही देऊ द्या. आणि शेवटचं, काळजाला हात घालणारं: हिस्सा घेतला की माहेर तुटतं. या वाक्याने जेवढ्या बायकांना लुटलं तेवढं दरोडेखोरांनी लुटलं नसेल. माहेर हे बहिणीने जमीन देऊन विकत घ्यायचं असेल, तर ते माहेर कसलं? सही न केलेल्या बहिणीला दिवाळीला बोलवत नाही तो भाऊ नातं तोडतो आहे, बहीण नाही. त्याला समजवायला कुणी जात नाही. सगळे तिलाच समजवायला येतात, सासरी नांदणारी मावशीसुद्धा.

आणि माझा हा राग ज्या गोष्टीने अनावर झाला ती सांगते. २०२३ च्या सप्टेंबरात आमच्या शेजारच्या अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलनात काय झालं ते महाराष्ट्राने पाहिलं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकालीन कागद उघडले. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क पत्रक, कुळ नोंदवह्या, जुने शाळेचे प्रवेश-निर्गम. मोडी वाचणारे, उर्दू वाचणारे शोधून आणले. आरक्षणाच्या मागणीबद्दल मी इथं बोलत नाही. शेतकऱ्याच्या पोराची हलाखी मी रोज बघते. मी बोलते आहे त्या वंशावळींबद्दल. कुणबी नोंद सापडावी म्हणून घराघरात खापरपणजोबापर्यंत वंशावळ काढली गेली. वडिलांच्या रक्ताच्या नात्यातला कुणाचाही जुना दाखला चालतो म्हटल्यावर आत्या आठवली. आत्याच्या शाळेच्या दाखल्यासाठी पुतणे तिच्या सासरी जाऊन पाया पडले. माझ्या ओळखीच्या एका आत्याने पेटी उघडून पिवळा पडलेला कागद काढून दिला, चहा दिला, पुतण्याच्या तोंडावरून हात फिरवला. त्याच आत्याचं नाव त्याच घराच्या सातबाऱ्यावर नाही. पुराव्याला ती रक्ताची आणि जमिनीला परक्याची. पुतण्याला यात काही चुकतंय असं वाटलंही नाही.

समान नागरी कायदा हवा, यावर आमच्याकडे हॉटेलात तावातावाने बोलणारे तेच भाऊ असतात ज्यांनी बहिणीची सही घेतलेली असते. दुसऱ्याच्या घरातल्या बायकांना न्याय मिळावा म्हणून ते मूठ आपटतात. गावातल्या मुस्लीम घरांतही चित्र वेगळं नाही. शरियतने मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा सांगितला आहे, पण १९३७ च्या शरियत कायद्यानेच शेतजमीन बाहेर ठेवली आणि तिथंही भाऊ बहिणीला तेच ऐकवतात: रीत नाही. धर्म दोन, ग्रंथ दोन, आणि बहिणीला डावलायची रीत एक. गोव्यात १८७० पासून पोर्तुगीज नागरी संहिता चालली; तिथं आजही बापाला मृत्युपत्राने मुलांचा निम्मा वाटा मारता येत नाही, मग मुलगा असो की मुलगी, आणि वेगळा करार केला नसेल तर लग्नाबरोबर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. मराठी बोलणाऱ्या, आमच्यासारखीच आडनावं असलेल्या घरांत हे दीडशे वर्षं चाललं, आणि त्यांची कुटुंबं काही मोडून पडली नाहीत. महाराष्ट्रात मात्र बाप स्वकष्टार्जित सगळी जमीन एका मुलाला लिहून देऊ शकतो. कुणाला खरंच समान कायदा करायचा असेल तर या एका कलमापासून सुरुवात करावी. माझा पाठिंबा राहील.

१९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या अधिवेशनात बायका लाखांनी जमल्या. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती मांडली, आणि कित्येक गावांत शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. पुरुषांना सांगितलं तर ते करतात, हे तेव्हा सिद्ध झालं होतं. आज तेवढं सांगणारा पुढारी जालना जिल्ह्यात मला दिसत नाही. लाडक्या बहिणीला महिन्याला दीड हजार द्यायला सगळे पक्ष एकमेकांच्या पुढे धावतात. त्याच बहिणीचे दीड एकर कुणी गिळले, हे विचारायला एकही पुढे येत नाही, कारण गिळणारा भाऊ बूथवर बसतो.

मला सरकारकडून काय हवं ते स्पष्ट लिहिते. वारस नोंदीनंतर मुलीचं नाव भोगवटादाराच्या रकान्यातच लागलं पाहिजे, "इतर अधिकार" मध्ये टाकणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई झाली पाहिजे. बहिणीचं नाव मालक म्हणून सातबाऱ्यावर निदान एक वर्ष राहिल्याशिवाय तिचं हक्कसोडपत्र नोंदवून घेता कामा नये. जिने मालकी एक दिवसही बघितली नाही तिने ती खुशीने सोडली हे मानायला मी तयार नाही. हक्कसोडपत्रावर सोडलेल्या क्षेत्राची बाजारभावाची किंमत आकड्यात आणि अक्षरात लिहिलेली हवी, ती तिला वाचून दाखवायला हवी, आणि तेव्हा भाऊ, साक्षीदार, दस्तलेखक सगळे खोलीबाहेर हवेत. वारसांची नावं लावायची राहिलेल्या मयत खातेदारांसाठी २०२५ मध्ये राज्याने "जिवंत सातबारा" मोहीम काढली. त्या मोहिमेत किती मुलींची नावं कोणत्या रकान्यात लागली याची गावनिहाय यादी चावडीवर लावा. ज्या बहिणीला खरोखरच भावाला द्यायचं आहे तिला कुणी अडवत नाही. तिने मालक व्हावं, कालव्याचं पाणी बघावं, उसाची पट्टी स्वतःच्या खात्यावर घ्यावी, आणि मग वाटलं तर बक्षीसपत्र करावं.

आणि बायांनो, तुम्हाला सांगायचं ते असं. कर्जासाठी सही लागते म्हणून बोलावलं तर कागद घरी आणून वाचा, वाचता येत नसेल तर दहावीतल्या पोरीकडून वाचून घ्या. "विनामोबदला" आणि "कायमचा" हे शब्द दिसले की तो कर्जाचा कागद नाही. वडील गेल्यावर वारस नोंदीचा अर्ज भावाने करायची वाट बघू नका, तो तुम्हालाही करता येतो, ई-हक्क वर मोबाईलवरूनही. फसवून सही घेतली असेल तर ते कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो, चौथ्या वर्षी माझ्याकडे येऊन उपयोग नाही. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत तोंडी सांगितली तरी कायद्याने चालते. ती सहा-अ च्या नोंदवहीत लिहून घेऊन तुम्हाला लेखी पोच देणं तलाठ्यावर बंधनकारक आहे, आणि ती पोच घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही.